मान हलवायची राहिली

"घ्या ना, गरम आहेत."

कांदाभजीचा तेलकट कागद एकदम माझ्या नाकासमोर आला आणि मी दचकून वही छातीशी धरली. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, फरसाणच्या दुकानावरच्या माळ्यावर, हेमा मॅडमचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास. वैशाखातली संध्याकाळ, पंखा नुसता आवाज करणारा. माझा पहिलाच दिवस. आणि शेजारच्या बाकावरचा हा मुलगा, ओळख ना पाळख, भजी पुढे करतोय.

"नको. सोमवार आहे."

"सोमवारी भजी बंद असतात?"

"माझी असतात."

"अच्छा…" त्याने एक भजं उचललं, परत ठेवलं. "मग मीपण नंतर खातो."

"खा की. उपास माझा आहे, तुमचा नाही."

"तसं नाही… तुम्ही भजीकडे बघत होतात."

"मी घड्याळाकडे बघत होते!"

"घड्याळ मागच्या भिंतीवर आहे."

मी मान वळवली. खरंच मागे होतं. तो हसला नाही, फक्त कागदाची पुडी नीट घडी घालून बॅगेत ठेवली, आणि तासभर आम्हा दोघांना त्या भजीचा वास छळत राहिला.

त्याचं नाव राजरत्न. विठ्ठलवाडीला डेपोमागच्या चाळीत राहायचा, अंबरनाथ एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटचं काम करायचा. कारखान्यातले दाबाचे, तापमानाचे काटे तपासायचे, चुकत असतील तर जुळवायचे. ओमानच्या एका कंपनीत त्याला जायचं होतं आणि तिथली मुलाखत इंग्रजीत होणार होती. मी बकुळा. त्याच एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये. आमच्याकडे परदेशी गिऱ्हाइकांचे तपासनीस येतात. मला सगळं येत असायचं, पण त्यांनी विचारलं की मी नुसतं आकड्यांवर बोट ठेवायचे. मुळातच माझा आवाज हळू. आई म्हणते, ही देवाशी बोलते तेवढंच स्पष्ट बोलते.

हेमा मॅडम सिंधी. त्यांची शिकवायची पद्धत जगावेगळी होती. फळ्यावर एक इडियम लिहायचा आणि खडू आमच्याकडे रोखून म्हणायचं, "मीनिंग मत बोलो. किस्सा बोलो!" अर्थ सांगायचा नाही, मराठीत तर मुळीच नाही. आपल्या आयुष्यात घडलेली एक गोष्ट सांगायची, जिथे तो इडियम चपखल बसेल. आणि खोटा किस्सा चालत नसे. मॅडमना खोटं लगेच कळायचं.

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. माझ्या चिठ्ठीवर राजरत्न निघाला. तेव्हा मी मनातल्या मनात महादेवाला म्हटलं होतं, हे काय रे देवा… पण तक्रार म्हणून नाही. नुसतंच.

ज्येष्ठ लागला आणि मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'लव्ह अँड केमिस्ट्री'. सगळा वर्ग खाकरला. पहिला इडियम होता 'स्पार्क्स फ्लाय'. म्हणजे दोघं भेटतात आणि ठिणग्या उडतात.

मी उभी राहिले. वही छातीशी. "इन माय कंपनी… इफ स्पार्क्स फ्लाय… वुई प्रेस द सायरन अँड रन."

वर्ग फुटला. मला कळेना, हसण्यासारखं काय झालं. तेवढ्यात शेजारी राजरत्न गंभीरपणे उभा राहिला. "इन माय कंपनी ऑल्सो, मॅडम. सो वुई यूज ब्रास हॅमर. देन नो स्पार्क."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, दोनों एमआयडीसीवाले! प्यार की बात है, प्यार की! फायर ब्रिगेड की नहीं!"

जिना उतरताना मी विचारलं, "पितळेची हातोडी खरंच वापरतात?"

"खरंच. पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाकीपाशी लोखंडाने ठोकलं, ठिणगी उडाली, की संपलंच." तो दोन पायऱ्या उतरला. मग म्हणाला, "तुमच्याशी बोलतानापण पितळेचीच वापरावी लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे जपून."

मी पुढे होऊन भराभर पायऱ्या उतरले. पण त्या दिवशी घरी, खरवईपर्यंतच्या रिक्षात मी आपणहून कडेला बसले, वारा लागावा म्हणून. चेहरा इतका तापला होता.

मग प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी एक नवा इडियम आणि त्यामागे एक किस्सा. 'वीक इन द नीज', कुणाला बघून गुडघ्यांतली ताकद जाते म्हणे. राजरत्नने त्याच्या आईच्या गुडघेदुखीचा किस्सा सांगितला आणि मॅडमनी त्याला बाकावर उभं केलं. 'हिट इट ऑफ', पहिल्याच भेटीत जमून जातं. मी उभी राहिले आणि पहिल्यांदाच न अडखळता सांगितलं, की एका माणसाने मला भजी देऊ केली, मी नाही म्हणाले, म्हणून त्यानेही खाल्ली नाही. राजरत्न वहीत काहीतरी लिहीत होता… पेन उघडलंच नव्हतं.

"सच्चा किस्सा?" मॅडमनी विचारलं.

"सच्चा, मॅडम."

"फिर भजी का क्या हुआ?"

"थंड झाली, मॅडम," राजरत्न खाली बघून म्हणाला. "रिक्षावाल्याला दिली."

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आठवत नाही. बहुतेक तो दिवस, जेव्हा विठ्ठलवाडीच्या पुलाखाली पाणी साचलं होतं आणि त्याने माझी चप्पल हातात घेतली होती. "आण इकडे, तू नुसती साडी सांभाळ." मी म्हटलं, "पायातली वस्तू हातात घेऊ नये." तो म्हणाला, "मग फोनसारखी कानाला लावू का?" मी इतकी हसले की पाण्यातच उभी राहिले.

तो बौद्ध, मी आगरी. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आडनावं हजेरीतच कळतात. त्याने एकदाच विषय काढला. "तू रोज पूजा करतेस, ना? आमच्या घरात देव नाहीत. आईचं त्रिशरण असतं सकाळी, बाबासाहेबांचा फोटो, बुद्धांची मूर्ती. तुला चालेल?"

"काय चालेल?"

"हेच… आमच्या घरी चहाला येणं," तो घाईघाईने म्हणाला, आणि आम्ही दोघंही दुसरीकडे बघायला लागलो.

मी मनात ठरवून टाकलं होतं. माझं देवघर एवढंसं आहे, पितळेचं, दोन हातांत मावेल. ते कुठल्याही घराच्या कोपऱ्यात राहील. सकाळी त्यांचं त्रिशरण होईल, मग माझी घंटा वाजेल. एवढा विचार मी करून ठेवला होता. फक्त मोठ्याने कुणाला सांगितला नव्हता.

आषाढ संपत आला तेव्हा मॅडमनी परीक्षा घेतली. किस्सा सांगायचा, इडियमचं नाव घ्यायचं नाही, वर्गाने ओळखायचं. राजरत्न पुढे गेला. खिशात हात घातले, मग बाहेर काढले.

"देअर इज वन गर्ल. ऑन मंडे शी डझ नॉट ईट. सो नाऊ ऑन मंडे आय ऑल्सो डोन्ट ईट. माय मदर इज आस्किंग, आर यू सिक? नो, आय ॲम नॉट सिक. माय स्टमक इज एम्प्टी, बट… इट इज नॉट एम्प्टी."

"बटरफ्लाइज!" मागचा बाक ओरडला. "बटरफ्लाइज इन द स्टमक!"

पोटात फुलपाखरं. मी खाली बघत राहिले. बाकावर कुणीतरी कंपासच्या टोकाने बदाम कोरला होता, त्यावरून बोट फिरवत राहिले. मला ठाऊक नव्हतं, की तोही सोमवारी जेवत नाही. दहा सोमवार होऊन गेले होते.

त्या दिवशी जिन्यात त्याने मला थांबवलं. खालून फरसाणच्या दुकानातून हिंगाचा वास येत होता.

"ओमानची मुलाखत झाली. घेतायत ते मला. श्रावणातल्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारपर्यंत सही करून पाठवायची आहे. दोन वर्षं."

"अरे वा…" मी म्हटलं. आवाज कुठून आला कोण जाणे.

"अरे वा काय. तू हो म्हणालीस तर नाही जाणार. इथेच काय ते करू. मला अर्थ नको, किस्सा नको, बकुळा. घरी येऊ का? आईला घेऊन?"

खाली दुकानदाराने गल्ल्याचा ड्रॉवर धाडकन बंद केला. मी म्हटलं, "ये."

"नक्की?"

"ये म्हटलं ना."

"कधी ते मी ठरवतो. शुभ दिवस बघून."

"तुम्ही कुठे शुभ दिवस बघता?"

"आम्ही नाही बघत. तू बघतेस ना."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्याला सांगितली नव्हती.

श्रावणातल्या सोमवारी माझं मौन असतं. सकाळी उठल्यापासून ते संध्याकाळी अंबरनाथच्या शिवमंदिरात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात बेल वाहेपर्यंत. बारावीपासूनचं व्रत. ते चार-पाच सोमवार मी रजा टाकते. दर्शन झालं की मौन सुटतं, आणि तिथून मी थेट रिक्षाने क्लासला. सात वाजता जिन्याच्या तोंडाशी राजरत्न उभा असायचा. म्हणजे दिवसभरातलं माझं पहिलं वाक्य मी त्याच्याशी बोलायचे. देवानंतर तोच.

"आज आवाज वेगळा लागतोय तुझा," तो पहिल्या श्रावणी सोमवारी म्हणाला होता. "ताजा."

मी नुसती हसले. सांगितलं नाही का ते. एवढं एक गोड गुपित आपल्याजवळ असू दे, असं वाटलं. कधीतरी लग्नानंतर सांगू… असंही वाटलं असेल.

तिसऱ्या श्रावणी सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. बाहेर बारीक पाऊस. मी वरीचे तांदूळ निवडत होते. बाबांनी दार उघडलं.

राजरत्न. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत भिजलेला. मागे त्याची आई, सरस्वतीमावशी, निळी नवी साडी, हातात फळांची पिशवी. आमची बिल्डिंग खरवईच्या टोकाला, आमच्याच शेतावर उभी राहिलेली. लिफ्ट महिनाभर बंद. तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती आणि एक हात गुडघ्यावर होता.

"जय भीम, दादा," त्या म्हणाल्या.

बाबा अर्धा क्षण थांबले. "नमस्कार… या ना, या."

राजरत्नने माझ्याकडे बघितलं. भुवया उंचावून, जणू बक्षीस घेऊन आला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याने सोमवार निवडला होता. माझ्यासाठी. माझ्या देवाचा वार म्हणून, त्यातही श्रावणातला. ज्याच्या घरी वार पाळत नाहीत, त्या माणसाने माझा वार पाळला होता.

आणि माझ्या ओठांवर मौन.

मी पाणी नेलं. आई कौसाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. पावसाचं बोलणं झालं, लिफ्टचं झालं, खरवईच्या रस्त्याचं झालं. मग सरस्वतीमावशींनी पदर सारखा केला.

"दादा, मी फिरवून बोलत नाही. माझ्या पोराला तुमची लेक आवडली आहे. तिलाही तो आवडतो, असं तो म्हणतो. आम्ही कोण, ते तुम्हाला माहीत आहे. लपवायचं काही नाही. तुमच्या मनात काय असेल ते सांगा, मी राग धरणार नाही."

आईचा हात चौकटीवर घट्ट झाला. मला वाटलं, आता बाबा आवाज चढवतील. त्यांचं हिंदुराव हे नाव काढलं की आमच्या भागात माणसं जपून बोलतात. पण बाबा डाव्या हाताचा अंगठा चोळत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"बकू, तू सांग. तुझ्या मनात आहे का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिचं मौन आहे आज," आई पटकन म्हणाली. "संध्याकाळशिवाय बोलायची नाही ती."

राजरत्नचा चेहरा बदलला. त्याला तेव्हा कळलं. ओठ हलले, बहुतेक 'सॉरी' म्हणाला असेल. पण सरस्वतीमावशी हसल्या, अगदी मोकळ्या. "मग काय झालं? देवाचं व्रत मोडू नको, बाळा. बोलू नको. नुसती मान हलव. हो तर हो, नाही तर नाही."

एवढंच होतं. मान हलवायची.

मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरची शीर बघितली. खाली राहणारे चुलते आठवले, आत्याची मुलगी आठवली, जी असंच लग्न करून गेली आणि जिचं नाव सात वर्षं घरात कुणी घेतलं नाही. गणपतीत कोण येईल, कोण येणार नाही… सगळं एका श्वासात. आणि मी ताटलीतल्या पेल्यांकडे बघत उभी राहिले. मान हलवली नाही. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

किती वेळ गेला असेल? खिडकीबाहेर पागोळ्यांचा आवाज येत होता, तो मला अजून ऐकू येतो.

सरस्वतीमावशी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. "बरं. येतो आम्ही." फळांची पिशवी त्यांनी टेबलावरच ठेवली. राजरत्न दारात एकदा वळला. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या मानेकडे बघितलं त्याने. मग आईचा दंड धरून तिला एकेक पायरी उतरवत घेऊन गेला.

संध्याकाळी मी अंबरनाथला गेले. रांगेत उभी राहिले, पायऱ्या उतरले, बेल वाहिला. पिंडीसमोर हात जोडले तर एक शब्द मनात उमटेना. बाहेर आले आणि फुलवाल्यांच्या आडोशाला उभी राहून त्याला फोन लावला. त्या दिवशीही पहिलं वाक्य त्याच्याशीच बोलले.

"राजरत्न, माझं मौन होतं. मी तुला सांगितलं नव्हतं, चुकलं माझं…"

"ते कळलं मला. मीपण न विचारता आलो, माझीही चूक." त्याचा आवाज सपाट होता. "पण मौन जिभेचं असतं ना, बकुळा? मानेचं कधीपासून?"

मी रडायला लागले. बेलाच्या टोपलीवाली बाई बघत होती.

"हो आहे माझं. ऐक ना… हो म्हणतेय मी. आत्ता म्हणतेय."

"आत्ता फोनवर आपण दोघंच आहोत. सकाळी चार माणसं होती. बाबांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"सांग. गुरुवारपर्यंत वेळ आहे माझ्याकडे."

मंगळवार गेला. बाबा सकाळी बाजारात, दुपारी झोपलेले, संध्याकाळी टीव्हीसमोर. मी तीनदा समोर जाऊन चहा ठेवून आले. बुधवारी दिवेलागणीला ते गॅलरीत तोंडलीच्या वेलाला सुतळी बांधत होते. मी सुतळीचं दुसरं टोक धरलं आणि म्हटलं, "बाबा, परवा विचारलंत ना… माझ्या मनात आहे."

त्यांनी गाठ मारली. दुसरी मारली.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"मौन…"

"बकू," ते म्हणाले, रागाने नाही. "मौनात तू आईला हाताने सांगतेस की मीठ जास्त झालं. मला खुणा करून चष्मा आणायला लावतेस. मागच्या श्रावणात गॅसवाल्याशी भांडलीस, एक शब्द न बोलता."

मला हसू आलं असतं, दुसरा दिवस असता तर.

"मी हो म्हणालो असतो की नाही, ते मलाही ठाऊक नाही," बाबा वेलाकडे बघत म्हणाले. "पण तू मान हलवली असतीस तर मला ठरवावं लागलं असतं. त्या बाईसमोर, माझ्या घरात. तू गप्प राहिलीस, आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. दोन रात्री झोप नाही त्याने. आता ती बाई तीन मजले उतरून गेली. मी कुठल्या तोंडाने तिला परत बोलवू?"

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर. आपण जाऊ."

बाबांनी सुतळी तोडली. आत गेले. दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज आला, आणि मग बातम्यांचा.

गुरुवारी सकाळी मी अर्धी रजा टाकून एकटी विठ्ठलवाडीला गेले. चाळीचं दार उघडंच होतं. सरस्वतीमावशी भाजी चिरत होत्या, शेजारची प्रीतीताई बाळाला घेऊन बसली होती, राजरत्न खिडकीपाशी लॅपटॉप उघडून. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि माझ्या हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझं हो आहे. सोमवारीही हो होतं. मी घाबरले. मावशी, मला माफ करा."

प्रीतीताईने बाळाला उचललं आणि ती गुपचूप बाहेर गेली. मावशींनी विळी बाजूला ठेवली. "बस, पोरी. चहा ठेवते." आणि आत गेल्या.

राजरत्न उठून माझ्यासमोर येऊन बसला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. पडद्यावर तो कागद उघडा होता, सहीची जागा कोरी.

"बाबांना सांगितलंस?"

"काल. ते नाही म्हणाले नाहीत."

"हो म्हणाले?"

"नाही."

तो हसला, थोडासाच. "एक सांगू? मॅडमनी एवढे इडियम शिकवले. ठिणग्या उडतात. गुडघे वितळतात. पोटात फुलपाखरं येतात. मी परवापासून तेच आठवतोय. सगळं आपोआप होतं गं त्यात. कुणालाच काही करावं लागत नाही. माझंपण सगळं आपोआपच झालं. ती भजी, तो क्लास, ते सोमवार… मला वाटलं, पुढचंही तसंच होईल."

"मी आता करतेय ना. आले ना एकटी."

"आलीस. खरंच, मला वाटलं नव्हतं येशील." त्याने हात पुढे केला, पण माझ्या हातापर्यंत आणला नाही. "पण आई परत तो जिना चढणार नाही, आणि मी तिला चढ म्हणणार नाही."

"मग मीच येते इकडे."

"ये. आत्ता ये. आपण रजिस्टर करू. मी हे बंद करतो, आत्ता, तुझ्यासमोर." त्याने लॅपटॉपवर हात ठेवला. डोळ्यांत पहिल्या दिवसासारखं काहीतरी चमकलं. "फक्त एकच. बाबा आले नाहीत… कधीच आले नाहीत, तरी येशील? सात वर्षं तुझं नाव घरात कुणी घेतलं नाही, तरी?"

आत्याच्या मुलीचं मीच त्याला सांगितलं होतं.

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. आलं ठेचल्याचा वास आला. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार होता, आणि खाली कोपऱ्यात एक रिकामं कपाट, काच पुसलेली. मला एकदम कळलं ते कशासाठी रिकामं केलं असेल. दोन हातांत मावेल एवढं देवघर तिथे बरोबर बसलं असतं.

मी बोलायला तोंड उघडलं. डोळ्यांसमोर बाबा गॅलरीत एकटेच वेल बांधताना दिसले. सुतळीचं दुसरं टोक धरायला कुणी नाही…

त्या दिवशी गुरुवार होता. ना उपास, ना मौन.

राजरत्न वाट बघत राहिला. मग त्याने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मी त्याला सही करताना बघितलं, बोटाने, लॅपटॉपच्या टचपॅडवर. आपलं नाव तो इतकं हळू लिहितो, हे मला ठाऊक नव्हतं.

चहा मी प्यायले. तिघंही प्यायलो. मावशींनी विचारलं, साखर बरोबर आहे का. मी म्हटलं, हो.

निघाले तेव्हा पाऊस वाढला होता. चाळीच्या गॅलरीत मी पदर डोक्यावर घेत होते, तेवढ्यात सरस्वतीमावशी मागून आल्या. त्यांच्या हातात त्यांची छत्री होती, काळी, एका काडीला दोरा बांधलेली. माझ्या हातात दिली, वर माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"भिजू नको, बाळा," त्या म्हणाल्या. "आणि ही परत आणून द्यायची गरज नाही."